डावीकडून चला : सतराशेला पाच कमी



मागच्या अंकातला सायकलीच्या नोंदणीवरचा मजकूर बऱ्याच घरांना उपयोगी पडला, असे पिकनिकच्या दिवशी कळले. त्याच वेळी दोघा-तिघांनी "आता एकदा चारचाकीवरही होऊन जाऊ द्या" असा आग्रह धरला. आमच्या दारात मोठी गाडी नाही, हे आपण जाणताच. पण मोठ्या गाडीबद्दल लिहायला ती दारात असलीच पाहिजे असे थोडेच आहे? तेव्हा या वेळी टोयोटाच्या क्राउनची गोष्ट. अमेरिकेच्या लांबरुंद गाडीचा थाट जपानने आपल्या गल्लीच्या मापात कसा बसवला, त्याची ही हकिकत आहे. आणि ती आम्हाला सुचली ती आमच्या सासरेबुवांमुळे.

२०१६ च्या वसंतात अण्णा, म्हणजे आमचे सासरे, सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे आले होते. लालबागच्या एका गॅरेजमध्ये अण्णांनी चाळीस वर्षे गाड्यांच्या पत्र्याचे काम केले. ठोकलेले मडगार्ड हातोडी आणि डॉलीने पूर्ववत करणे हा त्यांचा हातखंडा. निशी-कासाई स्टेशनच्या बाहेर आम्ही टॅक्सीला हात केला, तर मागचे दार आपोआप उघडले. अण्णांनी बसल्यावर सवयीने दार ओढायला हात घातला, तेव्हा आमच्या सौ. घाईने म्हणाल्या, "अण्णा, दार लावायचे नाही, ते आपोआप लागते." पाहुण्यांना हे वाक्य आपण सगळेच सांगत असतो. तर अण्णांनी आसनावरचे पांढरे लेसचे अभ्रे पाहिले, बॉनेटवर पुढे बसवलेले आरसे पाहिले, सरळ उभी काच आणि चौकोनी डिकी पाहिली, आणि म्हणाले, "जावईबापू, ही तर आपली डॉज आहे हो. धुवून आटलेली."

घराशी उतरल्यावर अण्णांनी खिशातून टेप काढला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण चालक वयस्क होते. अण्णांचा टेप पाहून ते हसले आणि पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने टेपचे दुसरे टोक स्वतः धरून उभे राहिले. दोन कारागिरांना भाषा लागत नाही म्हणतात, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. रुंदी भरली एक मीटर साडेएकोणसत्तर सेंटिमीटर, म्हणजे १६९५ मिलिमीटर. अण्णा म्हणाले, "सतराशेला पाच कमी का? एवढा पत्रा वाचवून काय मिळवले?"

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. आता देतो.

जपानमध्ये गाडीच्या नंबरपाटीवर वरच्या ओळीत गावाचे नाव आणि त्याच्या शेजारी एक छोटा आकडा असतो. प्रवासी गाड्यांत हा आकडा बहुधा ५ ने किंवा ३ ने सुरू होतो. ५ म्हणजे लहान गाडी, ३ म्हणजे साधारण गाडी. लहान कोणती, ते कायद्याने ठरवले आहे. लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर आणि पेट्रोलचे इंजिन २००० सीसी. यांतले एक जरी माप ओलांडले, तरी गाडी ३ नंबरात जाते. आज त्याने फारसे बिघडत नाही. पण १९८९ पर्यंत बिघडत असे. ५ नंबरच्या दोन लिटरच्या गाडीला वर्षाला ३९,५०० येन कर होता, आणि ३ नंबरात गेले की तो ८१,५०० येनपासून सुरू होई. म्हणजे पाच मिलिमीटर पत्र्याची किंमत दरसाल बेचाळीस हजार येन! अण्णांचा हिशेब तिथेच चुकला. तो पत्रा वाचवलेला नव्हता, कर वाचवला होता.

आता मागे जाऊ. आटण्याआधीची डॉज कुठली, तेही पाहायला हवे.

अमेरिकन मोटारींनी आशियात पाय रोवले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामात, तर जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकात जुळणीचे काम सुरू केले. त्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत आपली कंपनी काढली आणि शिवडीला गाड्या जोडायला घेतल्या. म्हणजे ओसाका आणि शिवडी एका वर्षाच्या अंतराने एकाच शाळेत बसलेली मुले. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी तेव्हा एक शिडी उभी केली होती. खालच्या पायरीवर शेवरोले, वर पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल, ब्युइक, आणि माथ्यावर कॅडिलॅक. माणसाचा पगार वाढला की त्याने एक पायरी चढावी. गाडीचे रूप दरवर्षी थोडे बदलायचे, म्हणजे कालची गाडी आज जुनी वाटते. हे रूप ठरवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते हार्ले अर्ल. गाडी अधिक लांब, अधिक बुटकी, अधिक रुंद दिसली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे माशाच्या परासारखे जे पंख फुटले, ते दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचले होते. १९५९ पर्यंत हे पंख इतके वाढले की त्याहून वर जायला जागा उरली नाही. त्या वर्षीची शेवरोले इम्पाला ५.३६ मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडी जास्तच रुंद होती. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या शेठजींची गाडी आठवा, म्हणजे अंदाज येईल.

टोयोटाची पहिली मोटार १९३६ ची, नाव एए. किइचिरो टोयोदा यांनी अमेरिकेची डिसोटो एअरफ्लो गाडी आणून सुटी केली, शेवरोलेच्या इंजिनाचा अभ्यास केला, आणि त्या दोन्हींच्या वळणावर आपली गाडी बेतली. किइचिरोंचे वडील साकिचि टोयोदा हे यंत्रमागाचे संशोधक होते. त्यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडातल्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले, आणि मोटारींचा उद्योग उभा राहिला तो या मागांच्याच कारखान्यातून. अण्णा गिरणगावात जन्मलेले. हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्याच धंद्यातले की!"

मुंबईत काय चालले होते? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. टोयोटाने सुटी करून पाहिली ती डिसोटो, आणि कुर्ल्याला जोडली जाई तीही डिसोटो. नाव एकच, फक्त एकाने उकलून पाहिली आणि दुसऱ्याने जोडून.

जपानमध्ये युद्धानंतर रस्त्यावर दिसत त्या बहुतेक चांगल्या गाड्या अमेरिकन असत. परकीय चलन कमी, त्यामुळे आयातीवर निर्बंध. मग देशी कारखान्यांनी बाहेरच्यांचा हात धरला. निस्सानने १९५२ मध्ये ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला. १९५३ मध्ये इसुझुने हिलमनची आणि हिनोने फ्रान्सच्या रेनोची गाडी जुळवायला घेतली. टोयोटाने मात्र ठरवले की गाडी आपणच काढायची. १९५२ मध्ये हे काम केन्या नाकामुरा या अभियंत्याकडे सोपवण्यात आले. एका गाडीची पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी जबाबदारी एकाच माणसावर, त्याला 'शुसा' म्हणतात. ही पद्धत नाकामुरांपासून टोयोटात रुजली.

जानेवारी १९५५ मध्ये पहिली टोयोपेट क्राउन आली. लांबी ४२८५ आणि रुंदी १६८० मिलिमीटर, दीड लिटरचे इंजिन, ४८ अश्वशक्ती. त्याच वर्षीच्या शेवरोलेचे आठ नळकांड्यांचे इंजिन ४.३ लिटरचे आणि १६२ अश्वशक्तीचे होते. क्राउनचे तोंड मात्र पुरते अमेरिकन. फुगीर बॉनेट, क्रोमची जाळी, गुबगुबीत मडगार्ड. पण मागची दारे उलटी उघडत, बिजागरी मागे आणि मूठ पुढे. पुढचे आणि मागचे दार एकदम उघडले की देव्हाऱ्याची दोन दारे उघडल्यासारखे दिसे. जपानीत या दारांना 'कान्नोन-बिराकी' म्हणतात, म्हणजे कान्नोनच्या देव्हाऱ्यासारखी उघडणारी. आणि कान्नोन म्हणजे कोण? आपला अवलोकितेश्वर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो पद्मपाणी आहे, तोच. अमेरिकन वळणाच्या जपानी गाडीच्या दाराचे नाव आपल्या अजिंठ्याशी जाऊन भिडते, ही गोष्ट आम्ही पुढे पाच-सहा जणांना तरी ऐकवली असेल.

क्राउनबरोबर कंपनीने 'मास्टर' नावाची आणखी एक गाडी आणली होती. क्राउनच्या पुढच्या चाकांची बसण्याची रचना मऊ आणि नवी, ती टॅक्सीच्या धबडग्यात टिकणार नाही, अशी धास्ती होती. म्हणून टॅक्सीवाल्यांसाठी जुन्या पद्धतीची, कडक पाट्यांची मास्टर. पण टॅक्सीवाल्यांनी क्राउनच पसंत केली, आणि मास्टर पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, बंद झाली. गाडीची परीक्षा शेवटी चालवणाराच घेतो, कागदावरचा हिशेब नव्हे.

दुसरी परीक्षा मात्र क्राउन नापास झाली. १९५७ मध्ये टोयोटाने अमेरिकेत कंपनी काढली आणि क्राउन तिकडे पाठवली. तोकियोच्या रस्त्यांवर राजेशाही वाटणारी ही गाडी कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर हाशहुश करू लागली. वेग वाढला की थरथर आणि आवाज, चढावर दम संपे. १९५८ या पूर्ण वर्षात २८७ क्राउन आणि एक लँड क्रूझर एवढीच विक्री झाली, आणि १९६० च्या अखेरीस प्रवासी गाड्यांची निर्यात थांबवावी लागली. नमुन्याचे कपडे घालून नमुन्याच्याच घरी जेवायला गेले की असे होते. परदेशात येऊन पहिल्या वर्षी आपणही कधीतरी असे वागलेलो असतो, तेव्हा हसण्याचे कारण नाही.

यानंतरचा काळ आम्हाला सर्वांत गमतीचा वाटतो. जपानमध्ये महामार्ग बांधले जात होते, पगार वाढत होते आणि लहान गाडीचे माप होते ४.७ गुणिले १.७. या एका चौकटीत चार-पाच कारखान्यांनी अमेरिकेची मोठी गाडी बसवायची शर्यत सुरू केली. निस्सानची सेड्रिक १९६० मध्ये आली ती एकावर एक असे चार दिवे आणि वळलेली काच घेऊन. १९६२ ची प्रिन्स ग्लोरिया कमरेला क्रोमची पट्टी बांधून सपाट डिकीने उतरली. त्याच वर्षी दुसऱ्या पिढीची क्राउन आली. रुंदी किती? १६९५! सतराशेला पाच कमी. १९६४ ची मित्सुबिशी डेबोनेअर तर पाहण्यासारखी होती. तिचे रूप दिले हान्स ब्रेट्झनर यांनी. हे पूर्वी जनरल मोटर्समध्ये होते. गाडी दिसायला थेट अमेरिकेची लिंकन कॉन्टिनेन्टल, पण मोजायला जाल तर रुंदी १६९० मिलिमीटर.

हे साधले कसे? अण्णांनी त्या दिवशी टॅक्सीभोवती फिरून आम्हाला पत्र्यावर बोट ठेवून दाखवले होते. दिवे अगदी कडेला नेऊन बसवायचे, म्हणजे तोंड रुंद दिसते. कमरेवरून आडव्या रेषा ओढायच्या, म्हणजे अंग लांब दिसते. छप्पर बुटके आणि मागच्या खिडकीची काच तिरपी केली की गाडी बसकी भासते. पाहुणे यायच्या वेळी लहान दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून आपण आरसा लावतो, त्यातलाच प्रकार. ज्याला खरोखर मोठीच हवी होती, त्याच्यासाठी टोयोटाने १९६४ मध्ये क्राउन एट काढली. आठ नळकांड्यांचे २.६ लिटरचे इंजिन, रुंदी १८४५. मूळची क्राउन मधोमध चिरून दीड हात वाढवावी तशी ती दिसे. तिच्या जागी १९६७ मध्ये आली सेंच्युरी. साकिचि टोयोदांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, त्याची आठवण म्हणून हे नाव. पण ती गाडी मंत्र्यांची आणि कंपनीच्या अध्यक्षांची. तुमच्या-आमच्या सोसायटीच्या दारात उभी राहायची ती क्राउनच.

आणि ती सामान्यांच्या दारात आणण्यासाठी १९६७ मध्ये तिसऱ्या पिढीच्या वेळी 'पांढरी क्राउन' अशी जाहिरात झाली. तोवर क्राउन म्हटले की काळी, म्हणजे सरकारी किंवा कंपनीची. पांढरी म्हणजे घरची, स्वतः चालवायची. एका रंगाने गाडीचा मालक बदलला.

मग १९७१. विक्री उत्तम, आता काहीतरी पुढचे करून दाखवू, अशा उमेदीने चौथ्या पिढीला गोलाकार, दोन्ही टोकांना निमुळते अंग दिले. बंपर वेगळा न ठेवता अंगातच मिसळला. लोकांनी तिचे नाव ठेवले 'कुजिरा', म्हणजे देवमासा. टॅक्सीवाल्यांची तक्रार अशी की गाडीचा कोपरा कुठे संपतो ते बसल्या जागेवरून कळत नाही. पुढून हवा पुरेशी आत जात नसल्याने इंजिन तापे. रुंदी या गाडीचीही कायद्यातच होती, पण चालवणाऱ्याला ती जाणवत नव्हती. गिऱ्हाईक सेड्रिक आणि ग्लोरियाकडे वळले. टोयोटाने हट्ट धरला नाही. १९७४ मध्ये पुन्हा कोपरे, पुन्हा सरळ रेषा. आज जुन्या गाड्यांचे शौकीन त्याच देवमाशावर जीव टाकतात, ही गोष्ट निराळी.

१९८३ मध्ये सातव्या पिढीबरोबर जाहिरातीचे जे वाक्य आले, ते इथल्या वयस्क शेजाऱ्यांना आजही पाठ आहे. 'इत्सुका वा क्राउन'. अर्थ असा की कधीतरी एक दिवस आपणही क्राउन घेऊ. आधी कोरोला, मग कोरोना, मग मार्क टू आणि शेवटी क्राउन. स्लोनसाहेबांची शिडी इथे एकाच कंपनीच्या अंगणात उभी राहिली. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा सांगत होते, त्यांच्या कचेरीत कोण कोणत्या पायरीवर आहे ते पार्किंगमध्ये पाहिले तरी कळत असे.

१९८९ च्या एप्रिलमध्ये कर बदलला. रुंदीवरून कर घेणे संपले, फक्त इंजिनावर उरला. मग पत्रा सैल सुटला. १९८७ च्या आठव्या पिढीत १७४५ मिलिमीटरची रुंद क्राउन आधीच आली होती, तिची मागणी वाढली. २००३ मध्ये १७८०, २००८ मध्ये १७९५, २०१२ मध्ये १८००. इथे पुन्हा रुंदी थांबली, आणि या वेळी कायद्याने थांबवली नव्हती. २०१८ च्या पंधराव्या पिढीचीही रुंदी १८००च. गल्ल्या तेवढ्याच, पार्किंगची चौकट तेवढीच. अडवणारे कोणी नसताना स्वतःच स्वतःला माप घालून घेणे, हे आम्हाला या सगळ्या इतिहासात मोठे वाटते. टॅक्सीसाठीची क्राउन कम्फर्ट तर १९९५ पासून शेवटपर्यंत १६९५ वरच राहिली. अण्णांनी मोजली ती हीच.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. तो टेपचा प्रश्न नव्हता. परत जाण्याच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही त्यांना क्राउनच्या चौदा पिढ्यांची चित्रे दाखवत होतो. तेव्हा चौदावीच चालू होती. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यांनी चौदा वेळा बदलली. मी चाळीस वर्षे एकाच मडगार्डावर हातोडी मारली. डोळे मिटून मारायचो. लोक म्हणायचे, अण्णांचा हात काय बसलाय! बसणार नाही तर काय? दुसरे काही आलेच नाही समोर. आम्हाला येत नव्हते का हो, जावईबापू?"

त्या मडगार्डाची गाडी म्हणजे १९६४ ची फियाट ११०० डी, पुढे नाव पडले प्रीमियर पद्मिनी. शतक संपेपर्यंत ती जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. कलकत्त्याची अँबेसेडर मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची, ती २०१४ पर्यंत निघत होती. आम्ही त्या रात्री पटकन म्हणालो, "अण्णा, आपल्याकडे सरकारी बंधने होती." पण ते उत्तर अपुरे होते, आणि अण्णांनाही ते पटलेले दिसले नाही. बंधने इथेही होती. परकीय चलनाची चणचण इथेही होती. परदेशी मोटारींना जपानचे दार १९६५ पर्यंत बंदच होते. वर सतराशेची चौकट!

पुढे वाचत गेलो तसे आम्हाला जे उमगले ते असे. चौकट दोन्हीकडे होती, पण इथे त्या चौकटीच्या आत चार-पाच जण कुस्ती खेळत होते. सेड्रिकने चार दिवे लावले की क्राउनला झोप येत नसे. ग्लोरियाची डिकी सपाट झाली की डेबोनेअरला विचार करावा लागे. आपल्याकडे चौकटीच्या आत दोन-तीन जण आणि बाहेर गिऱ्हाइकांची रांग. कारखान्याने किती गाड्या काढाव्यात याला परवाना, नवे साचे बाहेरून आणायचे तर त्याला परवाना. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. रांग दारात असताना मडगार्ड बदलावे असे कोणाला वाटेल? म्हणजे अण्णांच्या हाताला येत नव्हते असे नाही. त्यांच्या हाताला नवे काम कोणी दिलेच नाही. हे आम्ही त्यांना नंतर फोनवर सांगितले. पलीकडून थोडा वेळ काही आले नाही, मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण हे सदर त्यासाठीच आहे. जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर आधी पार्किंगची जागा मोजा, मग गाडी पाहा. पार्किंगचा दाखला, म्हणजे शाको-शोमेई, मिळाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते. यांत्रिक पार्किंग असेल तर तिथल्या पाटीवरची रुंदी आणि उंची वहीत लिहून घ्या. उंचीला बऱ्याच ठिकाणी १५५० मिलिमीटरची मर्यादा असते. हे आम्ही ठेचकाळून शिकलो. चार वर्षांपूर्वी एक जुनी, पण देखणी काळी क्राउन आमच्या मनात भरली होती. किंमतही आवाक्यात. घरी येऊन पार्किंगची गंजलेली पाटी पाहिली तर रुंदी १७००. गाडी १८००. 'इत्सुका वा क्राउन' तिथेच संपले. आमच्या सौ. म्हणाल्या, "बरे झाले, डाव्या हाताची भिंत वाचली."

शेवटी ताजी खबर. २०२२ च्या जुलैत सोळावी क्राउन आली, आणि ती सुमारे चाळीस देशांत विकायची असे जाहीर झाले. त्यात अमेरिकाही आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून निघून गेलेली ही गाडी पन्नास वर्षांनी तिकडे परत गेली. पण या वेळी इम्पालाचे किंवा लिंकनचे कपडे घालून नाही. चाके मोठी, अंग थोडे उंचावलेले, ना धड सेडान ना धड जीप असे रूप. रुंदी १८४०. उंची मात्र १५४०, म्हणजे जपानच्या पार्किंगला दहा मिलिमीटर कमी! जुनी सवय जात नाही.

इकडे मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनीची टॅक्सी रस्त्यावरून कायमची निघाली. त्या आठवड्यात आम्ही अण्णांना व्हिडिओवर फोन केला. वयाची पंच्याऐंशी झाली आहेत, हात कापतो, पण आवाज खणखणीत. पद्मिनीबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्ही नव्या क्राउनचे चित्र फोनसमोर धरले. अण्णांनी चष्मा लावला, चित्र नीट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "रुंदी किती?"

"अठराशे चाळीस."

"मग त्या हातमोजेवाल्या मास्तरांच्या गल्लीत शिरेल का?"

आम्ही म्हणालो, शिरेल, पण जपून. अण्णा म्हणाले, "जपूनच शिरावे."

पुढच्या अंकात गाडीच्या शाकेनबद्दल, म्हणजे दर दोन वर्षांनी खिसा हलका करणाऱ्या तपासणीबद्दल लिहू. ज्यांनी ती स्वतः नेऊन करवून घेतली असेल, त्यांनी आपला अनुभव चार ओळींत आमच्याकडे पोचवावा. आणि मुलांसाठी एक खेळ. स्टेशनला जाताना रस्त्यातल्या नंबरपाट्या पाहा आणि किती गाड्या ५ च्या, किती ३ च्या ते मोजून आणा. हिरव्या पाट्यांच्या टॅक्सी वेगळ्या मोजा. पुढच्या मेळाव्यात सांगा, लाडू आमच्याकडून.